नऊशेच्या वरची हवा

"खांब क्रमांक सातवरील धूळमापक अस्वच्छ व सदोष होता. त्याची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याने आपली चूक मान्य केली आहे. मृत रस्तारक्षक महिला अपघाताच्या वेळी नेमून दिलेल्या जागी हजर नव्हती. हवा व अपघात यांचा अंदाज वर्तवणारी प्रणाली शंभरात शहाण्णव वेळा अचूक ठरली असून तीत बदल करण्याचे कारण दिसत नाही."

मित्रांनो, चौकशी अहवालाच्या पान अकरावरचा हा परिच्छेद मला तोंडपाठ आहे. त्यात चार वाक्ये आहेत. पहिले खोटे आहे. उरलेली तिन्ही अक्षरशः खरी आहेत, आणि जास्त भीती त्यांचीच वाटावी. खोटे लिहायला थोडे धाडस लागते. खरे कापून लिहायला नुसती कात्री पुरते.

तो धूळमापक मी. जुना आहे, हे मला मान्य आहे. सदोष आहे की नाही, हे माझी हकीकत ऐकून तुम्हीच ठरवा. सध्या मी हवा-खात्याच्या तळमजल्यावर, अडगळीच्या खोलीत असतो. माझ्या मानेला सुतळीने एक पुठ्ठा बांधला आहे आणि त्यावर लाल शाईने 'सदोष' असे लिहिले आहे. उजवीकडे तीन पायांची खुर्ची, डावीकडे पाते नसलेला पंखा, आणि डोक्यावर त्याच अहवालाच्या तेवीस प्रती. वरच्या मजल्यावर हा अहवाल कोणी वाचत नाही. खाली वाचनाला वेळ भरपूर मिळतो.

माझा जन्म एका अशा कारखान्यात झाला, जिथे कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घालत आणि दार उघडण्याआधी बूट पुसत. जन्मभर धूळ खाण्यासाठी ज्याला घडवायचे, त्याला इतक्या स्वच्छ जागी घडवावे, यातला विनोद मला तेव्हा कळला नाही. माझ्या पोटात एक बारीक दिवा बसवला गेला. नळीतून मी बाहेरची हवा आत ओढतो, ती त्या दिव्यापुढून जाते. धूळ जितकी जास्त, तितका उजेड विखुरतो, आणि किती विखुरला ते मी समोरच्या काचेवर आकड्यात दाखवतो. शंभराच्या आत आकडा असला तर श्वास घ्यायला हरकत नाही. तीनशेला घसा खवखवतो. माझ्या काचेवर तीनच आकडे मावतात, त्यामुळे नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे मला जाता येत नाही. त्यापुढची हवा किती वाईट, हे मलाही ठाऊक नाही.

माझ्यात एक खोड आहे, तीही सांगतो, कारण अहवाल लिहिणाऱ्यांनी तिचा बराच आधार घेतला आहे. धुक्याच्या दिवशी पाण्याचे थेंबही उजेड विखुरतात आणि आकडा उगाच फुगतो. म्हणून माझ्या नळीभोवती एक छोटा हीटर आहे. तो चालू असेल तर पाणी वाळून जाते आणि धूळ तेवढी उरते. हीटर चालू आहे की नाही, हे बघायला कुठलेही उपकरण लागत नाही. नळीला हात लावायचा. गरम लागली की झाले.

तो हात शिडीकाकांचा होता.

त्यांना हे नाव पडले, कारण ते सायकलला ॲल्युमिनियमची शिडी आडवी बांधून येत आणि वळताना निम्मा रस्ता अडवत. रोज सकाळी साडेसहाला ते खांबाला शिडी लावत, माझ्या पत्र्याच्या कपाटाचे कुलूप काढत, मऊ फडक्याने काच पुसत, कालचा काळवंडलेला फिल्टर काढून नवा बसवत, नळीला हात लावत, आणि निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत वेळ व आकडा लिहीत. अठरा वर्षांत हा क्रम बदलला नाही. ताप अंगात असताना ते आले आहेत. घरच्या आजारपणात आले आहेत. बायको गेल्यानंतर चौथ्या दिवशीही आले, आणि त्या दिवशी त्यांनी माझी काच जरा जास्त वेळ पुसली.

माझा खांब होता त्या चौकाला तीन रस्ते येऊन मिळत. एक दगडाच्या खाणीकडून यायचा, त्यावर खडीचे ट्रक चालत. दुसरा गावात जायचा. तिसरा अरुंद आणि उताराचा होता, आणि त्याच्या टोकाला शाळा होती. हिवाळ्यात वारा पडला की खाणीची धूळ रात्रभर खाली बसत राही. पहाटे तिच्यात धुके मिसळे, आणि सात वाजता समोरच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसेनाशी होई.

शाळा सव्वासातची. मुलांना रस्ता ओलांडून देण्यासाठी चौकात एक रस्तारक्षक नेमलेली होती, आणि तिला लहानमोठे सगळे शिटीवाली मावशी म्हणत. अंगात चमकत्या पट्ट्यांचे जाकीट, हातात 'थांबा' लिहिलेली गोल पाटी, गळ्यात शिटी. आवाज असा, की शिटी ही केवळ शोभेसाठी असावी.

तिची आणि काकांची रोजची सलामी ठरलेली होती.

"काय भाऊ, आज पेशंटचा ताप किती?"

"सहाशे चाळीस."

"अगं बाई. मग त्याला घरी न्या, मला कशाला सांगता?"

"तुम्हीच विचारलंत."

"विचारलं म्हणून काय सगळं खरं सांगायचं असतं का?"

पण ती विचारत असे ते गंमत म्हणून नव्हे. मित्रांनो, मावशीचे एक शास्त्र होते. ते ती कुठल्या विद्यापीठात शिकली नव्हती, अकरा हिवाळे त्या चौकात उभे राहून तिने जमवले होते. आकडा सहाशेच्या आत असेल तर मुले जमतील तशी सोडायची. सहाशेच्या वर गेला की दहा-दहाची रांग, पुढच्याने मागच्याचे दप्तर धरायचे. नऊशेच्या वर गेला की आधी स्वतः रस्त्याच्या मधोमध जायचे, ट्रक थांबला याची खात्री करायची, त्याच्या बॉनेटवर हात आपटायचा, आणि मगच पहिले पाऊल. "दिसत नाही तेव्हा गाडीवाला हळू जातो असं तुम्हाला वाटतं," ती काकांना म्हणायची, "पण नाही हो. लवकर सुटायचं म्हणून आणखी दामटतो." अकरा वर्षांत तिच्या हातून एकाही मुलाला ओरखडा आला नाही. हवेवरून अपघाताचा अंदाज बांधण्याची ही माझ्या माहितीतली सर्वांत चांगली पद्धत. तिला पारितोषिक मिळाले नाही.

माझे मात्र त्या काळात कौतुक होत होते. वर्तमानपत्राने मला 'शहराचे नाक' म्हटले. शाळेच्या बाईंनी एकदा सातवीचा वर्ग खांबाखाली उभा केला आणि काकांना बोलायला सांगितले. काका फार बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "हे मशीन खोटं बोलत नाही. त्याला येतच नाही." मुले हसली. एका मुलीने विचारले, "मग आमच्या घरी एक मिळेल का?" तेव्हा बाईही हसल्या.

मग खात्यात मॉडेल आले.

मॉडेल म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगतो. काल, परवा, गेल्या वर्षी कोणत्या तासाला धूळ किती होती, गाड्या किती होत्या, अपघात झाला की नाही, हे सारे ओळीने मांडायचे, एका तासाची एक ओळ. मग गणिताला विचारायचे, की या सगळ्यावरून उद्याची शक्यता काय. ही विद्या उत्तम आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एक ध्यानात ठेवा. मॉडेलला भविष्य दिसत नाही, त्याला फक्त आठवते. म्हणून त्याला जे विसरायला लावाल, ते कधी घडणारच नाही, असे ते शांतपणे आणि दशांश चिन्हासह सांगते.

हे मॉडेल बांधण्याचे काम खात्याने ज्या तरुण संख्याशास्त्रज्ञ मुलीला दिले, ती शिडीकाकांची लेक होती. काकांनी तिला शिकवण्यासाठी काय काय केले, ते मी सांगणार नाही. तुम्ही असे वडील पाहिले असतील. नोकरीच्या पहिल्या दिवशी ते शिडीवर चढले आणि नेहमीचे काम विसरून मलाच म्हणाले, "आता तुझे आकडे माझी लेक वाचणार."

आणि ती वाचत होती. खात्याच्या नियमपुस्तकासह.

त्या पुस्तकातला सातवा नियम असा: 'नऊशेच्या वरील आकडा अशक्य समजून तो यंत्रदोष मानावा, व ज्या ओळीत यंत्रदोष आढळेल ती संपूर्ण ओळ वगळावी.' हा नियम कोणी आणि कशावरून केला, याचा शोध मी या खोलीत बसून घेतला. माझ्या शेजारच्या गठ्ठ्यात एक टिपण सापडले. संचालकसाहेबांच्या हातचे आहे. लिहितात, 'अशी हवा प्रत्यक्षात असती तर माणसे मेली असती.' हवेबद्दलचा हा तर्क मला फार आवडला. माणसे मेली नाहीत, म्हणून आकडा खोटा. पुढे काय झाले, ते तुम्ही ऐकणारच आहात.

लेकीला मात्र एक गोष्ट खटकली. हिवाळ्यात रोज सकाळी सहा ते आठ या वेळेत खांब सातच्या ओळीच्या ओळी गळत होत्या. एखाददुसरा आकडा बिघडतो. तीन महिने, तेही ठरलेल्या वेळीच, बिघडत नाही. तिने ही शंका मॉडेलच्या बैठकीत काढली. बैठकीचा तो दिवस माझ्या पक्क्या स्मरणात आहे, कारण साहेबांनी बैठक भल्या सकाळीच ठेवली होती, काका तेव्हा शिडीवर होते आणि फोन त्यांनी कपाटाच्या फळीवर, माझ्यापाशी ठेवला होता. हात फिल्टरमध्ये अडकलेले असल्यामुळे त्यांनी बोटाच्या पेराने स्पीकर दाबला.

"बाबा, मी ऑफिसातून बोलतेय. बैठकीत आहे. खांब सातचं मशीन बिघडलंय का?"

"का गं?"

"रोज सकाळी नऊशेच्या वर दाखवतंय. मी म्हणतेय की आकडे खरे असतील, ओळी काढू नयेत. साहेब म्हणतायत, मशीन जुनं आहे."

मागून एक जाड, मिस्कील आवाज आला. "विचारा, विचारा. तज्ज्ञ घरचाच आहे." कोणीतरी हसले. मग आणखी दोघे-तिघे हसले.

"बाबा? बिघडलंय का?"

काकांचा उजवा हात माझ्या नळीवर होता. नळी गरम होती. समोर काचेवर नऊशे बासष्ट होते आणि काच नुकतीच पुसलेली होती. ते माझ्याकडे बघत राहिले. मग फोनच्या दिशेने म्हणाले, "असेल. जुनं झालंय."

"बघा," तो जाड आवाज म्हणाला.

"बरं बाबा," लेक म्हणाली. फोन बंद झाला.

काकांनी वहीत नऊशे बासष्ट लिहिले आणि शिडीवरून उतरताना एक पायरी चुकले.

नियमाने धुळीचा आकडाच काढला असता, तर थोडक्यात भागले असते. नियम ओळ काढत होता. ओळीत त्या तासाचा अपघातही असे. त्या वर्षी आमच्या चौकात लहानमोठे चौदा अपघात झाले. त्यांतले अकरा अशा वेळी झाले, जेव्हा माझी काच नऊशेच्या वर होती. हे अकराही धुळीबरोबर गेले. उरले तीन. चौदाच्या जागी तीन अपघात असलेला चौक कोणत्याही गणिताला सुरक्षितच वाटणार, त्यात गणिताचा दोष नाही.

मग मॉडेलची परीक्षा झाली. तीही उरलेल्या ओळींवरच. अवघड प्रश्न आधी काढून टाकले, आणि मग परीक्षार्थ्याला शहाण्णव गुण दिले. संचालकसाहेबांनी हार घेतला, सन्मानचिन्ह घेतले, भाषण केले. त्या भाषणाची प्रतही इथे आहे. त्यात 'अचूक' हा शब्द एकवीस वेळा येतो.

त्यानंतर रोज संध्याकाळी पाच वाजता मॉडेल दुसऱ्या दिवसाची यादी छापू लागले. ज्या चौकांत धोका जास्त, ते लाल. कमी, ते हिरवे. रस्तारक्षक लाल चौकात उभे करायचे, हिरव्यात नाही. तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी मावशी एक कागद घेऊन खांबाखाली आली.

"भाऊ, आपला चौक पास झाला."

"कशात?"

"सुरक्षिततेत. हिरवा आलाय म्हणे. मला बाजाराच्या चौकात टाकलंय." तिने कागद उलटसुलट केला. "वर लिहिलंय, यंत्राच्या नोंदींवरून. म्हणजे तुमच्या पेशंटनंच माझी बदली केली. इतकी वर्षं त्याची चौकशी केली, त्याचं हे फळ."

काका हसले नाहीत. "मी लेकीशी बोलतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मावशीने विचारले, "बोललात?"

"बोललो. ती म्हणते, यादीवर सही साहेबांची असते."

"ते सोडा. आकडा खरा आहे, मशीन धडधाकट आहे, हे सांगितलंत का तिला?"

काकांनी फडके घेतले आणि आधीच पुसलेली काच पुन्हा पुसली.

खात्याच्या पद्धतीत जाकीट आणि पाटी माणसाच्या नावावर नसते, चौकाच्या नावावर असते. आमचा चौक हिरवा झाला तसे ते सामान जमा झाले. बाजाराच्या चौकातले कपाट साडेसातला उघडे. तोवर मावशीच्या हाती काही नसे. मुलांची शाळा सव्वासातची. साडेसातच्या आधी मुलांचे काय करायचे, हे कोणत्याही यादीत नव्हते. ते मावशीने स्वतःच ठरवले. ती पावणेसातला आमच्या चौकात येऊ लागली, राखाडी स्वेटरवर, पाटीशिवाय, गळ्यात तेवढी शिटी. मुले पार झाली की धावत जाऊन बस पकडायची आणि साडेसातला बाजारात हजर.

"कुणी बघितलं तर?" काकांनी एकदा विचारले.

"बघू दे की. शिटी माझी स्वतःची आहे, खात्याची नाही."

असे जवळजवळ पाच आठवडे चालले.

त्या सकाळी वारा अजिबात नव्हता. काकांनी शिडी लावली तेव्हा त्यांना खांबाचे टोक दिसत नव्हते, ते चाचपडत वर आले. काच पुसली, फिल्टर बदलला, नळीला हात लावला. वेळ साडेसहा. आकडा नऊशे नव्व्याण्णव, म्हणजे खरा किती ते देव जाणे. खालून मावशीची चाहूल लागली, तसे ते वरूनच म्हणाले, "मावशी, आज नको. काठोकाठ भरलंय."

"म्हणजे किती?"

"नऊशे नव्व्याण्णव."

"मग आजच तर हवी ना मी," मावशी म्हणाली. काम संपले तरी काका त्या दिवशी शिडीवरच थांबले.

त्या धुरकटात मला काही दिसत नव्हते, मित्रांनो. मी फक्त हवा ओढत होतो, आणि हवेबरोबर आवाज येत होते. दहा मुलांची पहिली रांग गेल्याचे मी ऐकले. बॉनेटवर थाप पडली, शिटी वाजली, पावले गेली. दुसरी रांग. तिसरी. चौथ्या रांगेतली शेवटची पावले पलीकडच्या फरशीवर चढली. मावशी रस्त्याच्या मधून परत येत असावी. खाणीकडून एका ट्रकचा आवाज आला, आणि तो हळू होत नव्हता. शिटी वाजली. ती पूर्ण वाजली नाही.

काका शिडीवरून कसे उतरले, ते मला माहीत नाही. शिडी मात्र तीन दिवस तिथेच टेकलेली होती.

ट्रकचालकाने जबाबात सांगितले, की समोर राखाडीशिवाय काही नव्हते. त्याचे मला खरे वाटते. ते राखाडी पाण्याचे होते की धुळीचे, यावर अहवालात पाच पाने खर्ची पडली आहेत. ज्याला समोरचे माणूस दिसत नाही, त्याला या फरकाचा काय उपयोग, यावर एक ओळही नाही.

आणि जे सांगायला मला सर्वांत जड जाते, ते आता सांगतो. त्या सकाळी सात ते आठ या तासाच्या ओळीत धूळ नऊशे नव्व्याण्णव होती आणि अपघात एक होता. नियमाप्रमाणे यंत्रदोष आढळला. ओळ वगळली गेली. मॉडेलच्या लेखी मावशी त्या चौकात कधी मेलीच नाही. संध्याकाळी पाच वाजता दुसऱ्या दिवसाची यादी छापली गेली. आमचा चौक हिरवा होता. अचूकता शहाण्णवच राहिली.

चौथ्या दिवशी पहाटे काका आले, तेव्हा बरोबर लेक होती. दोन वर्षे ती माझे आकडे वाचत होती, पण मला ती प्रथमच भेटत होती. ती शिडी चढली. काचेवर नऊशे ऐंशी होते. तिने वळून रस्त्याकडे पाहिले, निदान पाहण्याचा प्रयत्न केला. मग तिने नळीला हात लावला आणि भाजल्यासारखा मागे घेतला. नळी इतकी गरम नसते.

"बाबा, हे खरं होतं?"

"हो."

"रोज?"

"रोजच."

"मी विचारलं होतं तुम्हाला. सगळ्यांसमोर विचारलं होतं. मग 'असेल' का म्हणालात?"

काकांनी खालून फडके वर दिले. "काच पूस," ते म्हणाले. "वाफ धरलीय."

तिने काच पुसली. बराच वेळ पुसली. खाली उतरल्यावर म्हणाली, "मी लिहून देणार आहे. सगळ्या ओळी परत घालून."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"अगं, मी दोन वर्षांत सुटणार आहे. तुझी अख्खी पडलीय."

"बाबा, तुमच्या दोन वर्षांसाठी मी हे कशाला—" ती मध्येच थांबली. मग दोघे सायकलपर्यंत चालत गेले आणि पुढचे मला ऐकू आले नाही.

तिने लिहून दिले. ते टिपणही इथे आहे, माझ्यापासून हातभर अंतरावर. वगळलेल्या ओळी परत घातल्या तर खांब सातचा चौक सबंध यादीत सर्वांत लाल येतो, असे तिने दाखवले आहे. दोन पाने, एक आकृती, खाली सही. समासात संचालकसाहेबांचा शेरा आहे: 'निष्कर्ष पूर्वीच्या निकालांशी विसंगत. वगळावे.' सातवा नियम माणसांनाही लागू होतो, हे मला त्या दिवशी कळले. महिन्याभरात तिची बदली नकाशांच्या विभागात झाली. तिथे आकडे नसतात.

मला खांबावरून उतरवले, पुठ्ठा बांधला आणि इथे आणून ठेवले. काकांना घरी बसवले. जबाब दिल्यानंतर प्रत्येकाला त्याच्या जबाबाची एक प्रत मिळते. काकांनी ती लेकीकडे दिली असावी, कारण एका दुपारी ती या खोलीत आली, पंखा बाजूला सारला, माझे कपाट उघडले आणि निळ्या वहीशेजारी घडी घालून तो कागद ठेवला. पदराने माझी काच पुसली आणि गेली. तेव्हापासून काच पुन्हा धुळीने भरली आहे, पण आतला दिवा शाबूत आहे.

माझ्या जातीच्या गोष्टींनी आपली हकीकत संपवताना मुलांना सांगायचे असते, की वस्तूंची काळजी घ्या, त्यांना टाकून देऊ नका. मित्रांनो, मला ते सांगता येत नाही. माझी काळजी अठरा वर्षे, एकही दिवस न चुकता, घेतली गेली. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी आकड्यांचे काम कराल. समोर एक असा आकडा येईल, जो बाकीच्यांशी जुळत नाही, ज्याच्यामुळे सगळी मांडणी बिघडते, आणि शेजारी बसलेला माणूस हसून म्हणेल, की काढून टाक. तेव्हा काढण्याआधी एकदा उठा. त्या खांबापाशी जा. नळीला हात लावून बघा. आणि तुम्हीच जर खांबापाशी उभे असाल, तुमचा हात नळीवर असेल, आणि फोनवर कोणी विचारील, तर जे काचेवर दिसते तेच सांगा. ऐकणारे कोण आहे, याचा विचार करू नका. हे दुसरे मागणे पहिल्यापेक्षा कठीण आहे.

अहवाल म्हणतो, की कर्मचाऱ्याने चूक मान्य केली. केली, हे खरे आहे. अहवालाने जबाबातले पहिले वाक्य घेतले आणि बाकीचे निष्कर्षाशी विसंगत म्हणून वगळले. घडी घातलेला तो कागद माझ्या पोटाशी आहे. पूर्ण जबाब असा:

"हो, चूक माझी आहे. मशीन स्वच्छ होतं. त्या दिवशीही साडेसहाला मी ते पुसलं, फिल्टर बदलला, नळी हाताला गरम लागली, आकडा नऊशे नव्व्याण्णव, वहीत लिहिलंय. माझी चूक त्या दिवसाची नाही, दोन वर्षांपूर्वीची आहे. माझ्या मुलीनं फोनवर विचारलं, बाबा, मशीन बिघडलंय का. बिघडलं नव्हतं. तिचंच बरोबर होतं. पण ती इतक्या माणसांपुढे एकटी उभी होती, आणि मागे कुणीतरी हसलं ते मला ऐकू आलं. मला वाटलं, हिनं आता वाद घालू नये, हिची नवी नोकरी आहे. मी म्हणालो, असेल. एका आकड्यानं असं काय होणार आहे, असं मला वाटलं."